नुसत्या बियाण्याने पीक येत नाही

पावसाळा जवळ आला की गोंदिया जिल्ह्यातल्या गावांत छपरांवर माणसे चढलेली दिसतात. फुटलेली कवेलू बदलायची असतात, ताडपत्री ओढायची असते. चिंच झोडायला, जांभळे काढायला, जनावरांसाठी पाला तोडायला झाडावर चढणे हे तर नेहमीचेच काम. त्यात कधी पाय सटकतो, कधी फांदी मोडते. भारतात मज्जारज्जूला इजा होण्याची दोन मोठी कारणे आहेत : उंचावरून पडणे आणि रस्त्यावरचा अपघात. पडणारा बहुतेक वेळा घरातला कमावता तरुण असतो. त्याला नागपूरला नेले जाते, शस्त्रक्रिया होते, मोडलेला मणका पट्टी आणि स्क्रूने पक्का केला जातो. मणका जुळतो, पाय मात्र हलत नाहीत.

महिन्या-दोन महिन्यांनी अशा घरात कुणाच्या तरी मोबाइलवर एक चित्रफीत येऊन पोहोचते. कुठल्याशा मोठ्या शहरातला दवाखाना, पांढऱ्या कोटातली माणसे, चाकाच्या खुर्चीतून उठून उभा राहिलेला रुग्ण आणि ‘स्टेम सेल’ हे दोन शब्द. खर्च लाखांत सांगितला जातो. मग घरात बोलणे सुरू होते. कोणती बांधी काढायची, दागिने किती निघतील, जावयाकडून किती उसने मिळतील. निर्णय घेणाऱ्यांसमोर एकीकडे अंथरुणाला खिळलेला मुलगा असतो आणि दुसरीकडे वर्षाचे धान देणारी जमीन. त्यांना खरे काय ते सांगणारा माणूस बहुधा जवळ नसतो.

ही आशा सरसकट खोटी म्हणून उडवून लावणे बरोबर नाही. मूलपेशींचे म्हणजेच स्टेम सेलचे विज्ञान खरे आहे आणि तुटलेल्या नसा दुरुस्त करण्याच्या कामी ते पुढेही जात आहे. पण त्या विज्ञानाचा खरा प्रश्न पेशी मिळवणे हा राहिलेला नाही. मिळालेल्या पेशीला काय व्हायचे, कुठे जायचे, कधी थांबायचे आणि कुणाशी जोडून घ्यायचे, हे कसे शिकवायचे, हा तो प्रश्न आहे. त्याचे पूर्ण उत्तर अजून कोणाच्याही हाती नाही. लाखो रुपयांच्या सुईत नेमके हेच उत्तर असल्याचे भासवले जाते.

हाताच्या बोटातली नस आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू यांत एक मोठा फरक आहे. धान कापताना विळ्याने मनगटाची नस तुटली आणि शल्यचिकित्सकाने तिची दोन टोके वेळेत नीट जुळवून शिवली, तर ती नस पुन्हा वाढते. तिचा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर. म्हणजे मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत संवेदना परत यायला काही महिने लागतात, पण येते. मज्जारज्जूत तसे होत नाही. तिथला धागा तुटला की तुटला. आधुनिक चेताविज्ञानाचे जनक मानले जाणारे स्पेनचे सांतियागो रामोन ई काहाल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे नोंदवून ठेवले होते, आणि पुढची अनेक दशके डॉक्टर तेच शिकत आले.

मग १९८१ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे सॅम्युअल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी एक साधा पण फार मोलाचा प्रयोग केला. त्यांनी उंदरांच्या पायातील नसेचा तुकडा घेऊन मेंदूच्या तळापासून मज्जारज्जूपर्यंत पूल बांधावा तसा जोडला. ज्या चेतापेशींचे धागे एरवी वाढत नाहीत, त्यांचे धागे या पुलातून काही सेंटिमीटर वाढत गेले. पुलाच्या टोकाशी पोहोचून पुन्हा मज्जारज्जूत शिरल्यावर मात्र ते थांबले. याचा अर्थ असा की वाढण्याची ताकद पेशीत काही प्रमाणात होती, पण मज्जारज्जूतली जागा तिला वाढू देत नव्हती. पायाच्या नसेत श्वॉन पेशी असतात. त्या धाग्याभोवती नळीसारखी रांग धरतात, त्याला खाऊपिऊ घालतात आणि वाट दाखवतात. मज्जारज्जूत वाट दाखवणारे असे कोणी नसते. उलट इजेच्या जागी जाड वण तयार होतो आणि वाढ थांबवणारी रसायने तिथे साचतात.

धान पिकवणाऱ्या जिल्ह्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. बियाणे कितीही चांगले असले तरी बांधी तयार नसेल, चिखल झालेला नसेल, पाणी बांधलेले नसेल, तर पीक उभे राहत नाही.

बियाण्याचा शोध त्यानंतर लागला. प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी तयार होत नाहीत, असेच दीर्घकाळ मानले जाई. १९९२ मध्ये कॅनडातल्याच कॅल्गरी विद्यापीठात ब्रेंट रेनॉल्ड्स आणि सॅम्युअल वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतून अशा पेशी वेगळ्या केल्या, ज्या काचेच्या भांड्यात वाढत राहतात आणि योग्य संदेश मिळाला तर चेतापेशीही होतात आणि त्यांना आधार देणाऱ्या पेशीही. या मेंदूतल्या मूलपेशी. पुढे २००६ मध्ये जपानचे शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या त्वचापेशीला चार जनुकांच्या साह्याने गर्भावस्थेतल्यासारखे मूळ रूप परत देता येते हे दाखवले. २००७ मध्ये माणसाच्या पेशींवरही ते जमले आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आता कुणाही माणसाच्या त्वचेपासून किंवा रक्तापासून मूलपेशी तयार करता येतात आणि त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी. बियाण्याची टंचाई संपली.

उरले ते वळण लावणे. मेंदूतली मूलपेशी मुख्यतः तीन वाटांनी जाऊ शकते. ती संदेश वाहणारी चेतापेशी होते, किंवा धाग्यावर चरबीचे आवरण चढवणारी पेशी होते, किंवा ताऱ्याच्या आकाराची आधारपेशी होते. इजा झालेल्या मज्जारज्जूत मूलपेशी नुसत्या सोडल्या तर प्राण्यांवरील प्रयोगांत त्यांतल्या पुष्कळशा तिसऱ्या वाटेने जातात, कारण इजेच्या जागी सूज असते आणि तिथले रासायनिक संदेश त्याच दिशेला ढकलतात. वण भरण्यात या आधारपेशींचाच मोठा वाटा असतो. म्हणजे हवी होती चेतापेशी आणि मिळाला वणच.

म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा पेशीला वळण लावण्याच्या निरनिराळ्या रीती शोधत आहेत. पहिली रीत रसायनांची. गर्भात मज्जारज्जू तयार होताना ज्या क्रमाने आणि ज्या प्रमाणात वाढीचे संदेश मिळतात, तोच क्रम भांड्यात पाळायचा. एखादा संदेश दोन दिवस आधी दिला किंवा चार दिवस जास्त ठेवला तर पेशीची जात बदलते. दुसरी रीत जमिनीची. २००६ मध्ये अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात अ‍ॅडम एंगलर आणि डेनिस डिशर यांच्या गटाने दाखवले की अस्थिमज्जेतल्या मूलपेशी मेंदूइतक्या मऊ पृष्ठावर वाढवल्या तर चेतापेशीसारख्या होऊ लागतात, स्नायूइतक्या घट्ट पृष्ठावर स्नायूसारख्या आणि आणखी कडक पृष्ठावर हाडासारख्या. रसायने तीच, फक्त जमीन वेगळी. मेंदूतल्या मूलपेशींवर नंतर झालेल्या प्रयोगांतही मऊ आधारावर चेतापेशी जास्त आणि कडक आधारावर आधारपेशी जास्त, असे दिसले.

तिसरी रीत वाटेची. अतिसूक्ष्म तंतू एकाच दिशेने अंथरून त्यावर पेशी वाढवल्या तर त्यांचे धागे त्या तंतूंच्या दिशेने धावतात, जसे पाणी पाटाने जाते. या तंतूंचे ठोकळे किंवा नळ्या करून इजेच्या पोकळीत बसवायचा प्रयत्न चालू आहे. चौथी रीत विजेची. अगदी सौम्य विद्युतक्षेत्रात मूलपेशी ठरावीक दिशेने सरकतात, हे भांड्यातल्या प्रयोगांत दिसले आहे. या साऱ्या रीती एकत्र बसवल्याशिवाय काम होणार नाही, यावर आता बहुतेकांचे एकमत आहे. पेशी जगली पाहिजे, योग्य जातीची झाली पाहिजे, तिचा धागा योग्य दिशेने वाढला पाहिजे, त्यावर आवरण चढले पाहिजे आणि शेवटी तो योग्य पेशीशी जोडला गेला पाहिजे. गुडघा उचलायचा संदेश मूत्राशयाला जाऊन चालत नाही. चुकीची जोडणी झाली तर हालचाल तर येतच नाही, उलट न थांबणारी वेदना मागे लागू शकते.

झाडीपट्टीत धान लावायच्या दोन पद्धती आहेत. आवत्या म्हणजे बी थेट बांधीत फेकणे आणि रोवणी म्हणजे आधी पऱ्हे टाकून, ते हातभर झाल्यावर एकेक जुडी चिखलात लावणे. जाहिरातीतल्या सुईची पद्धत आवत्याची आहे : पेशी काढल्या, पाठीत सोडल्या. शास्त्रज्ञ जे करू पाहत आहेत ती रोवणी आहे. शेतात आवत्याला निदान थोडेफार धान तरी लागते. मज्जारज्जूत तेवढीही खात्री नाही, आणि तिथे तणाचा धोका फार मोठा आहे.

हा धोका कल्पनेतला नाही. २००९ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात इस्रायलमधील एका मुलाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याला मेंदूचा एक आनुवंशिक विकार होता. २००१ पासून मॉस्कोत त्याला गर्भातील मेंदूच्या मूलपेशी अनेकदा टोचण्यात आल्या. पहिल्या उपचारानंतर चार वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत गाठी आढळल्या. तपासणीत त्या गाठींतल्या पेशी त्याच्या स्वतःच्या नसून टोचलेल्या पेशींपासून वाढलेल्या निघाल्या. २०१४ मध्ये आणखी एक प्रकरण नोंदले गेले. मज्जारज्जूला इजा झालेल्या एका तरुणीच्या पाठीत तिच्याच नाकातल्या आतल्या अस्तराच्या पेशी सोडल्या होत्या, त्या चेतापेशी होतील या आशेने. आठ वर्षांनी तिची पाठ दुखू लागली. शस्त्रक्रियेत नाकातल्या अस्तरासारखाच घट्ट, चिकट स्राव करणारी गाठ निघाली. पेशींनी त्यांना येत होते तेच काम केले होते, फक्त चुकीच्या जागी. ‘पेशी तुमच्याच आहेत, त्यामुळे अपाय होऊच शकत नाही’ असे सांगणाऱ्यांनी ही हकीकत वाचावी.

वळण नीट लावले तर काय होऊ शकते, याचीही उदाहरणे आता समोर आहेत. एप्रिल २०२५ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या जुन ताकाहाशी यांच्या गटाने पार्किन्सन म्हणजे कंपवाताच्या सात रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिथे मूलपेशी तशाच सोडल्या नव्हत्या. डोपामाइन तयार करणाऱ्या चेतापेशी होण्याच्या वाटेवर त्यांना आधी आणून ठेवले, नको त्या पेशी निवडून काढल्या आणि मगच त्या मेंदूत सोडल्या. पेशी जगल्या, डोपामाइन तयार करू लागल्या आणि गाठी झाल्या नाहीत.

मज्जारज्जूच्या बाबतीत तोक्योच्या केओ विद्यापीठाचे हिदेयुकी ओकानो आणि मासाया नाकामुरा यांचे काम सर्वांत जवळचे आहे. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या मज्जारज्जूत सुमारे वीस लाख पेशी सोडल्या. निवडलेले चारही रुग्ण नुकतेच, म्हणजे इजेनंतर दोन ते चार आठवड्यांच्या आतले होते, कारण वण घट्ट होण्याआधी पेशी पोहोचवणे महत्त्वाचे होते. मार्च २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. वर्षभरात गंभीर अपाय कुणालाच झाला नाही. एक जण आधाराशिवाय उभा राहू शकला आणि चालण्याचा सराव करू लागला, दुसऱ्याच्या काही स्नायूंत हालचाल परतली. उरलेल्या दोघांत ठळक फरक पडला नाही. याच शास्त्रज्ञांनी आधी प्राण्यांवर दाखवले होते की टोचण्यापूर्वी पेशींमधला एक विशिष्ट संदेश औषधाने थांबवला तर त्या वाढत राहायचे सोडून चेतापेशी होण्याकडे वळतात आणि गाठीचा धोका कमी होतो. त्या चार रुग्णांच्या मागे अशी वीस वर्षांहून अधिक तयारी आहे.

तरीही शास्त्रज्ञ स्वतः यशाचा डंका पिटत नाहीत. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मज्जारज्जूच्या इजेनंतर पहिल्या काही महिन्यांत काही रुग्णांत आपोआप सुधारणा होते. सूज उतरते, दबलेले धागे पुन्हा काम करू लागतात. चार रुग्ण आणि तुलनेसाठी उपचार न दिलेला गट नाही, अशा स्थितीत ती सुधारणा पेशींमुळे की निसर्गाने, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. जाहिरातीच्या चित्रफितीत उभा राहिलेला माणूस याच आपोआपच्या सुधारणेतला असू शकतो. खुर्चीत बसूनच राहिलेल्यांची चित्रफीत कोणी काढत नाही.

या क्षेत्रात अपयशेही कमी नाहीत. अमेरिकेत २०१० मध्ये गेरॉन कंपनीने मज्जारज्जूसाठी गर्भपेशींपासून तयार केलेल्या पेशींची पहिली चाचणी सुरू केली. वर्षभरात पैशाच्या कारणाने ती थांबवली. २०१६ मध्ये दुसऱ्या एका अमेरिकी कंपनीने मानेच्या इजेवरील चाचणी पुरेसा गुण दिसत नाही म्हणून बंद केली. गुण येत नाही हे दिसल्यावर थांबणे, हीही विज्ञानाची रीतच आहे. बाजाराची रीत मात्र दुसरा हप्ता मागण्याची असते.

गोंदियाच्या दृष्टीने या विषयाचा आणखी एक धागा आहे आणि तो घराजवळचा आहे. पूर्व विदर्भातल्या जिल्ह्यांत आजही कुष्ठरोगाचे नवे रुग्ण सापडतात. जगात दरवर्षी नोंदल्या जाणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात असतात. लोक कुष्ठरोगाला त्वचेचा आजार समजतात, पण तो मुळात नसांचा आजार आहे. त्याचा जंतू नसांतल्या श्वॉन पेशींत, म्हणजे वाट दाखवणाऱ्या त्याच पेशींत, घर करतो. २०१३ मध्ये एडिंबरा विद्यापीठातील अनुरा रामबुक्काना यांच्या गटाने उंदरांच्या पेशींवर दाखवले की हा जंतू प्रौढ श्वॉन पेशीची ओळख पुसून तिला मूलपेशीसारखी अवस्था देऊ शकतो आणि मग त्या पेशी स्नायूंसारखे दुसरे रूप घेऊन जंतूला इतरत्र पोहोचवतात. यामानाकांनी चार जनुकांनी जे साधले, त्याच्याशी मिळतेजुळते काम एक जंतू हजारो वर्षे करत आला असावा. पेशीला वळण कसे लावता येते, हे अशा जंतूकडूनही शिकता येईल, असे शास्त्रज्ञांना वाटते.

पण त्या शोधाचा फायदा कधी मिळायचा तेव्हा मिळो. कुष्ठरोगातली नस वाचवायला आज मूलपेशी लागत नाहीत. अंगावर बधिर चट्टा, हातापायाला मुंग्या, भांडे धरताना बोटांची पकड सुटणे, ही लक्षणे वेळेत दाखवली तर बहुविध औषधांचा ६ ते १२ महिन्यांचा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. नसेची ताकद नुकतीच, सहा महिन्यांच्या आत, गेलेली असेल तर स्टेरॉइडच्या उपचाराने ती बऱ्याच रुग्णांत परत येते. नंतर मात्र कठीण होते. शोधमोहिमेत दारी आलेल्या आशा ताईला चट्टा न लपवता दाखवणे, ही गोंदियातली आजची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक नसेची दुरुस्ती आहे.

मूलपेशींचा एक उपचार मात्र सिद्ध झालेला आहे, हेही इथे सांगायला हवे. सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारांत निवडक रुग्णांना अस्थिमज्जा प्रत्यारोपण करतात, तो मूलपेशींचाच उपचार. सिकलसेलचे रुग्ण याही जिल्ह्यात आहेत. या उपचाराला मान्यता आहे, त्याचे फायदे-तोटे ठाऊक आहेत. त्यामुळे सगळे मूलपेशी उपचार बनावट, असे नव्हे. रक्तातली मूलपेशी शिरेतून सोडली तरी स्वतःच हाडातल्या मज्जेत जाऊन बसते आणि रक्त तयार करते. तिची वाट निसर्गाने आखून दिलेली आहे. मज्जारज्जूत अशी आखलेली वाट नाही, म्हणूनच तिथले काम इतके अवघड.

भारतात याबाबतचे नियम स्पष्ट आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या मान्य आजारांसाठीचे अस्थिमज्जा प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा रुग्णावरील वापर मंजूर चाचणीतच व्हायला हवा. तो नेहमीचा उपचार म्हणून विकता येत नाही. औषध चाचण्यांसाठी २०१९ चे वेगळे नियम आहेत; चाचणीतल्या औषधाने इजा झाली तर रुग्णाला भरपाई मिळण्याची तरतूद त्यांत आहे. अर्धांगवायू किंवा कुष्ठरोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना तर १९५४ च्या चमत्कारी उपचारांविषयीच्या कायद्यानेच बंदी आहे. नियम आहेत, मोबाइलवरच्या चित्रफितीपर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही, हे दुखणे आहे.

तोपर्यंत जमिनीचा सौदा करण्यापूर्वी प्रत्येक घराने काही प्रश्न विचारावेत. ही चाचणी आहे की उपचार? चाचणी असेल तर भारतीय चिकित्सा चाचणी नोंदणीतला, म्हणजे सीटीआरआयचा तिचा क्रमांक काय? २००९ पासून अशी नोंदणी सक्तीची आहे आणि ती कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. नोंदणी आहे एवढ्याने उपचार लागू पडतो असे होत नाही, पण नोंदणीच नसेल तर पुढचे बोलणेच नको. पैसे का मागता? रीतसर चाचणीत प्रायोगिक उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. पेशी कुठून काढणार, त्यांचे रूपांतर कशात होणार आणि ते झाले हे कसे तपासणार? गाठ झाली तर जबाबदार कोण? या प्रश्नांना लेखी उत्तर मिळत नसेल तर तिथून उठावे. घरी परतल्यावर गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या किंवा नागपूरच्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना तो कागद दाखवावा. दुसरे मत घेणे म्हणजे पहिल्या डॉक्टरचा अपमान नव्हे.

आज हमखास उपयोगी पडणाऱ्या गोष्टी जाहिरातीत येत नाहीत, कारण त्या फार साध्या आहेत. पडलेल्या माणसाला काखेत हात घालून उचलू नये, पाणी पाजायला उठवून बसवू नये. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून तीन-चार जणांनी मिळून त्याला फळीवर किंवा काढलेल्या दारावर घ्यावे आणि १०८ ला बोलवावे. उचलताना झालेल्या चुकीने अर्धवट इजा पूर्ण होऊ शकते. नंतर दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा रोज तपासणे, लघवी ठरावीक वेळाने स्वच्छ नळीने काढणे, सांधे आखडू न देणे, हे घरच्यांना शिकवावे लागते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मज्जारज्जू तुटलेले बहुतेक जण दोनेक वर्षांत जंतुसंसर्गाने दगावत. १९४४ पासून इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी याच साध्या गोष्टी शिस्तीने केल्या आणि रुग्ण जगू लागले, कामाला लागले, खेळू लागले. पॅरालिम्पिक स्पर्धांचा उगम तिथलाच.

त्या स्पर्धांतले भारताचे पहिले सुवर्णपदक मराठी माणसाचे आहे. सांगली जिल्ह्यातले जवान मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर पोहण्यात विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकले. त्यांच्या मदतीला कोणतीही मूलपेशी नव्हती. होते ते पुनर्वसन, सराव आणि पाठीशी उभी असलेली व्यवस्था.

ती व्यवस्था सैनिकाला मिळते तशी धानाच्या शेतकऱ्याला आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्या मजुरालाही मिळायला हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली, त्यांत चलनवलनाचे अपंगत्व आहे आणि कुष्ठरोगातून बरे झालेलेही आहेत. कागदावरचा हा हक्क देवरी-सालेकशाच्या पाड्यावर पोहोचायचा तर मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला नुसता घरी पाठवून चालणार नाही. फिजिओथेरपी, लघवीची व त्वचेची काळजी शिकवणारी परिचारिका, चाकाची योग्य खुर्ची, प्रमाणपत्रासाठी एकच खेप आणि तालुक्यालाच पाठपुरावा, एवढे जिल्हा आरोग्य यंत्रणेने ठरवून करावे. त्याच वेळी आरोग्य विभागाने आणि पोलिसांनी मूलपेशींच्या बेकायदा जाहिरातींवर कारवाई करून ती लोकांना कळवावी. अंथरुणावर कोणीही न फिरकलेल्या घरातच चित्रफितीतला दवाखाना लवकर शिरतो.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रापासून तोक्योपर्यंत पेशीला समजून घेण्याचे काम चालू आहे आणि ते चालूच राहील. एक दिवस मज्जारज्जूतली रोवणी साधेल, असे मानायला सबळ कारण आहे. तो दिवस येईल तेव्हा ज्याची त्वचा जखमांविना आहे, सांधे मोकळे आहेत, मूत्रपिंडे शाबूत आहेत आणि ज्याच्या पाठीत आधीच कुणी अनोळखी पेशी सोडून ठेवलेल्या नाहीत, अशाच रुग्णाला तिचा फायदा घेता येईल. पूर्वी असा उपचार घेतलेल्यांना पुढच्या चाचण्यांत अनेकदा घेतले जात नाही, हेही जमीन विकण्यापूर्वी ध्यानात ठेवावे. आज घरच्यांनी राखायचे ते हेच : माणूस, त्याचे शरीर आणि त्याची बांधी.